उशीत शिवलेलं यंत्र

आमच्या घरात रस्ता चुकण्याचा मान माझ्या नवऱ्याचा. तो त्यांनी आजवर दुसऱ्या कुणाला मिळू दिलेला नाही. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा हे फळं घेऊन दवाखान्यात आले, भलत्याच मजल्यावर चढले, भलत्याच खोलीत शिरले आणि कुणा झोपलेल्या बाईच्या उशाशी सफरचंदं ठेवून घरी गेले. वर फोन करून मला विचारतात, "फळं खाल्लीस का?" आता काय बोलायचं? पोटाला टाके होते, धड हसताही येत नव्हतं.

तर असा हा माणूस. चष्म्यांचं दुकान आहे त्यांचं. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवायचं आणि "हे दिसतंय का, आता दिसतंय का" विचारत राहायचं. मागच्या वर्षी त्यांनी कुठूनसं हातात धरायचं जीपीएस यंत्र आणलं. पिवळंकाळं, मुठीत मावणारं, वरच्या टोकाला आखूड अँटेना. पट्ट्याला अडकवायला मागे चिमटाही. आपण जिथून जातो तिथली रेघ त्याच्या पडद्यावर उमटत जाते, हव्या त्या जागा नाव देऊन साठवता येतात, आणि जिकडे जायचं तिकडे एक बाण तोंड करून उभा राहतो. यांनी पहिल्याच दिवशी 'घर', 'दुकान' आणि 'न्हावी' साठवून टाकले. मी म्हटलं, "न्हावी कशाला? तो तुमच्या दुकानाच्या समोर आहे." तर म्हणाले, "समोर म्हणजे नक्की कुठे, ते कळायला नको?"

सासूबाईंनी यांचं नाव ठेवलं होकायंत्र. अर्थात पाठीमागे.

दर रविवारी होकायंत्र पायी भटकायला निघायचं. सोबत दुकानातली चार जुनी गिऱ्हाइकं. पुढे हे यंत्र घेऊन, मागे चार चष्मे. एकदा हे लोक गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत चालत गेले आणि परतले ते सगळ्यांच्या पायांना ओरखडे घेऊन. यंत्राने म्हणे काटेरी कुंपणातून नेलं.

"पायी जाणाऱ्यासाठी लावून ठेवलंय ना ते, म्हणून," सासूबाई मला स्वयंपाकघरात म्हणाल्या. यंत्रासोबत आलेली माहितीपुस्तिका त्यांनी पहिल्या आठवड्यातच वाचून काढली होती. यांनी ती अजून उघडूनही पाहिलेली नाही. "तसं लावलं की ते सरळ रेघेत नेतं. मध्ये भिंत असो नाहीतर विहीर असो. गाडीसाठी रस्त्याने जायला बदलून घ्यावं लागतं."

"मग सांगा ना त्यांना."

"विचारलं तर सांगेन," त्या म्हणाल्या आणि शांतपणे चहा गाळू लागल्या.

सासूबाईंबद्दल सांगायचं तर, त्या शाळेत पीटीच्या बाई होत्या. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी गळ्यातली शिट्टी काही उतरली नाही. त्यांची स्वतःची छोटी निळी गाडी आहे. जुनी आहे, पण त्या तिला धुतात, पुसतात, तिच्याशी बोलतात. कुठेही जायचं असलं की किल्ली उचलली आणि निघाल्या, कुणाला विचारणं नाही, सांगणं नाही. सासरे गेले तेव्हा त्या महिनाभर घराबाहेर पडल्या नव्हत्या. मग एक दिवस गाडी काढली, एकट्याच कुठेतरी फिरून आल्या आणि आल्यावर म्हणाल्या, "भूक लागलीय." तेव्हापासून ती किल्ली म्हणजे काय आहे, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

आता माझं. मला गाडी येत नव्हती. लग्नानंतर यांनी शिकवायचा घाट घातला होता. दुसऱ्याच दिवशी "अगं क्लच! क्लच! तुला क्लच म्हणजे काय ते तरी कळतं का?" असं भर चौकात इतक्या जोरात ओरडले, की मी इंजिन बंद केलं, उतरले आणि चालत घरी आले. मागे हॉर्न वाजत राहिले, वाजू देत. त्यानंतर घरात जेव्हा जेव्हा विषय निघाला तेव्हा हे पाहुण्यांना सांगायचे, "तिला नाही जमत हो. तिचा पिंडच नाही तो." मी पडदे आणि उशांचे अभ्रे शिवते, शिवणयंत्र पायाने पळवते, आणि म्हणे पायाला क्लच कळत नाही! अशी तिडीक जायची डोक्यात, की काय सांगू.

या उन्हाळ्यात सासूबाई म्हणाल्या, "मी शिकवते. त्याला कळू द्यायचं नाही. लायसन्स हातात आलं की जेवताना त्याच्या ताटाशेजारी ठेवायचं आणि भाजी वाढायची."

मला तर ते ताट डोळ्यांसमोर दिसायलाच लागलं. मी शिकाऊ लायसन्स काढलं, 'शिकाऊ' लिहिलेली चिकटणारी पाटी पर्समध्ये टाकली आणि आम्ही कामाला लागलो.

बेत सोपा होता. दुपारी सासूबाई ग्रंथालयात जाते म्हणून गाडी काढायच्या. थोड्या वेळाने मी दोरा संपला म्हणून बाहेर पडायची. लाँड्रीच्या कोपऱ्यावर त्या मला गाडीत घ्यायच्या आणि आम्ही बंद कारखान्यामागच्या मैदानावर जायचो. तिथे दोन रिकामी पिंपं उभी करून त्यांच्याभोवती इंग्रजी आठ काढायचा, कारण परीक्षेत तोच काढायला लावतात. सासूबाई शेजारी शिट्टी घेऊन. छोटी शिट्टी म्हणजे थांब, दोन छोट्या म्हणजे मागे घे, आणि लांब शिट्टी म्हणजे शाब्बास. लांब शिट्टी मी कित्येक दिवस ऐकलीच नव्हती.

मी अशी काही चालवायची, की पिंपांनीच बाजूला व्हावं. वळायचं म्हणून दिव्याचा दांडा ओढायला जायची तर वायपर सुरू व्हायचा. कोरड्या काचेवर करकर करत तो फिरायचा आणि सासूबाई म्हणायच्या, "पाऊस थांबला की वळ." एका पिंपाने तर मागच्या बंपरला चांगलाच पोचा पाडला. पण ओरडल्या नाहीत हो त्या एकदाही. शिट्टी मारायच्या, एवढंच.

तो पोचा यांनी पाहिला, आणि तिथून सगळं बिनसलं.

"आईने गाडी ठोकलीय," हे मला हळूच म्हणाले. "आणि तिने सांगितलंही नाही. ग्रंथालय इथे दोन गल्ल्या सोडून, आणि ती जाते ती संध्याकाळी उगवते. पुस्तकही तेच असतं. मागच्या महिन्यापासून तेच एक पुस्तक नेते आणि आणते."

पुस्तकाचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, "जाड असेल."

ते हसले नाहीत. लगेच त्यांनी आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या नणंदेला फोन लावला. नणंदबाई लांब राहतात, पण सल्ला जवळून देतात. "छोट्या, गाडी विकून टाक," त्या फोनवर इतक्या मोठ्यांदा म्हणाल्या की मला ओट्यापाशी ऐकू आलं. "काही झालं तर मग रडत बसशील." औषधांच्या दुकानवाल्याला म्हणे अशी जुनी गाडी हवीच होती.

त्यानंतरच्याच कुठल्यातरी दुपारी मी मैदानात नेहमीसारखी पाठीमागे उशी घेऊन बसले. माझे पाय क्लचपर्यंत पोचत नाहीत, म्हणून गाडीच्या मागच्या काचेखाली असते ती सासूबाईंची उशी मी पाठीशी घेते. अभ्रा मीच शिवलेला. त्या दिवशी उशी टोचायला लागली. बघते तर एका बाजूची शिवण उसवून कुणीतरी काळ्या दोऱ्याने वेडेवाकडे टाके घातले होते. मला वाटलं, सासूबाईंनी दुरुस्त केली असेल आणि आत काहीतरी राहिलं असेल.

"आई, उशीत काहीतरी—"

छोटी शिट्टी. "लक्ष समोर!"

मी लक्ष समोर दिलं. पिंप तरी धडकलंच.

त्याच संध्याकाळी यांनी मला संगणकासमोर बोलावलं आणि दार लोटून घेतलं. टेबलावर ते पिवळंकाळं यंत्र होतं आणि त्याला काळ्या दोऱ्याचे तुकडे चिकटले होते. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मेल्याने माझ्या शिवणीची वाट लावून यंत्र माझ्या पाठीशी बांधलं होतं!

"मला असं करायचं नव्हतं," ते म्हणाले. "पण बघ तूच."

पडद्यावर गावाचा नकाशा आणि त्यावर जांभळी रेघ. घरापासून लाँड्रीपर्यंत रेघ कशी छान, तिथे ती थांबली होती. पुढे मैदानापर्यंतही ठीक. आणि मैदानात शिरल्यावर मात्र कुणी मांजराला लोकरीचा गुंडा द्यावा तसा सगळा गुंता.

"बघ," त्यांचा आवाज बसला होता. "एका रिकाम्या मैदानात गोल गोल. तिला बाहेरचा रस्ताच सापडत नाहीये. हे बघ, पुन्हा तेच. पुन्हा तेच. आणि वेग बघ, माणूस चालतो त्याच्यापेक्षा कमी. घाबरली असणार. आणि इथे तर बघ, या कोपऱ्यात पुढे, मागे, पुढे, मागे. इथे तिला काहीच सुचलेलं नाही. इतकं वाईट कुणी शुद्धीवर असताना चालवत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते पार्किंग होतं! त्या दिवसातलं माझं सगळ्यात चांगलं पार्किंग होतं ते! सासूबाईंनी 'बरं आहे' म्हटलं होतं! ओठांपर्यंत आलेले शब्द मी कसे गिळले, माझं मला माहीत.

"रविवारी ताई येतेय," ते म्हणाले. "किल्ली काढून घेऊ. सोमवारी गाडी द्यायची. तू आईला सांभाळून घे."

मी थेट सासूबाईंच्या खोलीत. त्या पायाचे व्यायाम करत होत्या. सगळं सांगून टाकलं आणि म्हटलं, "मी आत्ता जाऊन त्यांना खरं काय ते सांगते. तुमची गाडी जायची माझ्यापायी."

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात शुक्रवारी तुझी परीक्षा आहे. आत्ता कळलं तर तो शेजारी येऊन बसेल शिकवायला, आणि तू पुन्हा भर चौकात उतरशील. तोंड मिटून बस."

"आणि रविवारी?"

"रविवारचं मी बघते." मग त्यांनी पाय खाली ठेवले. "मैदानात हरवले म्हणे मी," त्या पुटपुटल्या. हसत होत्या, पण हात गळ्यातल्या शिट्टीवर घट्ट होता. मला त्यांच्या पोटातलं कळलं आणि फार वाईट वाटलं.

रविवारी नणंदबाई पांढरीशुभ्र पँट घालून आल्या. चहा झाला. हे खाकरले आणि आईसमोर बसले. "आई, जरा बोलायचं होतं. गाडीबद्दल."

"बोल की."

त्यांनी बरंच गोल गोल बोलून किल्ली मागितली. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मला रस्ते आठवत नाहीत. ठीक आहे. आत्ता तळ्यावर जेवायला जाऊ. मी चालवते. तू शेजारी यंत्र घेऊन बस. माझा रस्ता चुकला, तर तिथल्या तिथे किल्ली तुझ्या हातात."

"आणि नाही चुकला तर?" मी मध्येच तोंड घातलं. नणंदबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"नाही चुकला तर पुन्हा हा विषय नाही," हे म्हणाले. खरं तर त्यांनाही हायसं वाटलं असावं. ते यंत्राशी खुडबूड करू लागले. 'तळं' साठवलेलं होतंच, त्या काटेरी कुंपणाच्या दिवशीचं. माझी नजर सासूबाईंकडे गेली. त्या छताकडे बघत होत्या.

निघालो. पुढे मायलेक, मागे मी आणि नणंदबाई, मधे उशी. यंत्र पुढे काचेजवळ स्टँडवर बसवलेलं. सासूबाईंनी बाजार पार केला, पूल पार केला, कुठे गचका नाही की हॉर्न नाही. मी मनात म्हणत होते, बघा, डोळे उघडून बघा जरा! मोठ्या चौकात त्या सरळ निघाल्या.

"आई, डावीकडे!" हे ओरडले.

"तळ्याला सरळ जातात."

"बाण डावीकडे दाखवतोय. आई, हट्ट करू नकोस, यंत्र उपग्रहाला विचारून सांगतंय."

"तिकडे रस्ता नाही रे."

"ही चूक धरतोय मी," हे मागे वळून बहिणीला म्हणाले. नणंदबाईंनी दुःखाने मान हलवली.

सासूबाईंनी गाडी बाजूला घेतली आणि आरशातून माझ्याकडे एकदा पाहिलं. शाळेत एखाद्या वर्गाला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावण्याआधी त्या अशाच बघत असणार. "बरं," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "यंत्र म्हणेल तसं."

आणि वळवली की गाडी डावीकडे! आधी डांबरी गल्ली होती, मग खडीची, मग नुसती माती. एका रोपवाटिकेच्या फाटकातून आत शिरलो. दोन्ही बाजूंना कुंड्यांच्या रांगा, मधून गाडीपुरती वाट. "बाण सरळ दाखवतोय, चल," हे म्हणत होते. पाण्याचं सिमेंटचं टाकं गेलं, खताचा ढीग गेला. वाट अरुंद होत होत शेवटी एका कालव्याच्या भिंतीपाशी संपली. भिंतीपलीकडे, झाडांतून, तळं चमकत होतं.

"अगदी सरळ समोर आहे," सासूबाई म्हणाल्या. "आता पोहायचं का?"

हे यंत्राकडे बघत राहिले. बाण भिंतीच्या आरपार तळ्याकडे तोंड करून मख्खासारखा उभा होता.

मागे घ्यायला गेलो तर गाडी हलेना. कुठलीतरी पाण्याची नळी गळत होती आणि पुढची चाकं चिखलात रुतली होती. सासूबाईंनी इंजिन बंद केलं, उतरल्या, आणि गाडीला वळसा घालून किल्ली मुलाच्या हातावर ठेवली. "रस्ता चुकला. ठरल्याप्रमाणे ही घे. आता काढ तू."

यांच्या तळहातावर ती किल्ली पाहून माझा जीवच कासावीस झाला. खेळ खेळता खेळता ही बाई खरंच किल्ली देऊन बसली होती, आणि परत मागणाऱ्यातली ती नव्हे.

हे बसले. त्यांनी असा काही अॅक्सिलेटर दाबला, की चाकं जागच्या जागी गरगरली आणि आणखी खोल गेली. पुन्हा दाबला. पुन्हा खोल. नणंदबाई ढकलायला पुढे उभ्या होत्या, त्यांची पांढरी पँट गुडघ्यापर्यंत तपकिरी झाली. त्यांना गाडी चालवता येते, पण बिनक्लचची. "कुणाला तरी बोलवा ओढायला," त्या किंचाळल्या.

छोटी शिट्टी वाजली. सगळे थांबले.

"तू बस," सासूबाई मला म्हणाल्या.

"ती?" हे काचेतून डोकं बाहेर काढून म्हणाले. "आई, काहीतरीच काय! तिला कुठे येतं? तिचा पिंडच—"

पिंड म्हणे! शुक्रवारची परीक्षा गेली खड्ड्यात, म्हटलं. ते ताट, ती भाजी, सगळं गेलं खड्ड्यात. मी दार उघडलं. "उतरा," मी म्हटलं. "आणि ती मागची उशी द्या मला."

ते उतरले. उशी देताना जरासे अडखळले, टाक्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी बसले. पाठीशी उशी घेतली, आरसा नीट केला. "तुम्ही आणि ताई पुढून ढकला. मी म्हणेन तेव्हा."

सासूबाई मागे जाऊन उभ्या राहिल्या. दोन छोट्या शिट्ट्या. मी अर्धा क्लच सोडला, गाडीला पुढे झोका दिला, मागे दिला, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. शिवणयंत्रावर जाड कापड अडलं की मी चाक असंच मागेपुढे करते. "आता!" मी ओरडले. दोघांनी रेटा दिला आणि गाडी हिसका देऊन सुटली. जाता जाता चिखलाचा एक भलामोठा फवारा दोघांच्या अंगावर उडाला, तो मी मुद्दाम उडवला नव्हता. पण उडाल्याचं दुःखही झालं नाही.

गाडी उलटी घेत घेत पाण्याच्या टाक्यापर्यंत आले. तिथे मोकळी जागा होती, गाडी वळवायची होती. पण खरं सांगायचं तर, वळायचं म्हटलं की माझ्या हातांना एकच गोष्ट येते. टाक्याला वळसा घातला तो थेट खताच्या ढिगाकडे निघाले, ढिगाला वळसा घातला तो पुन्हा टाक्याकडे. सुरेख, गोलगरगरीत आठ. एकदा झाला, दुसऱ्यांदा झाला. वायपरही चालू झाला होता. तिसऱ्या खेपेला कुठे फाटकाकडे तोंड झालं आणि मी थांबले. टाकं जागेवर होतं. एका कुंडीलासुद्धा धक्का लागला नव्हता.

आणि मग लांब शिट्टी वाजली. लांबच लांब. रोपवाटिकेतले पक्षी उडाले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, खोटं कशाला बोलू.

हे चिखलातून फतक फतक करत आले. खिडकीतून हात घालून त्यांनी काचेजवळचं यंत्र काढून घेतलं, पुसलं आणि पडद्याकडे पाहिलं. तिथे आमची आत्ताची रेघ उमटलेली. भिंतीपाशी पुढे, मागे, पुढे, मागे. आणि मग आठावर आठ. ते बघतच राहिले. चष्म्यावर चिखलाचे थेंब होते, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"मैदान," ते म्हणाले.

"हो, मैदान," मी म्हटलं.

"तू?"

"मी. रोज दुपारी. आणि ऐका, तो कोपरा आहे ना, तुम्ही म्हणालात घाबरली, काही सुचलेलं नाही, शुद्धीवर नाही? ते पार्किंग होतं! समजलं? पार्किंग!"

मला वाटलं, आता चिडतील. मी तयारीत होते, बाह्या सरसावूनच बसले होते म्हणा ना. पण हे टाक्याच्या कठड्यावर मटकन बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खांदे हलत होते. आधी वाटलं हसताहेत. हसत नव्हते.

"मला वाटलं, आई हरवत चाललीय," ते म्हणाले. "रात्ररात्र झोप नाही मला. ती रेघ बघून बघून... मला वाटलं, एक दिवस घरीच यायची नाही."

सासूबाईंच्या तोंडातली शिट्टी सुटून छातीवर लोंबली. त्या मुलापाशी गेल्या, पदराने कधीकाळी पुसलं असेल तसं त्यांनी तळहाताने त्याच्या कपाळावरचा चिखल पुसला. तो आणखीच पसरला.

"अरे वेड्या, एवढं वाटत होतं तर विचारायचं ना मला," त्या म्हणाल्या. "उशीत यंत्र कसलं शिवून ठेवतोस?"

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंस?"

सासूबाईंनी विचार केला. "नसतं सांगितलं," त्या म्हणाल्या. "पण तुला बघून कळलं असतं, मी ठणठणीत आहे ते."

त्यावर ते रडता रडता हसले. मी गाडीतून किल्ली काढली, चिखलातून चालत गेले आणि त्यांच्या समोरूनच ती सासूबाईंच्या हातात ठेवली. यांनी हात पुढे केला नाही. नणंदबाई गुडघ्यांकडे बघत म्हणाल्या, "औषधवाल्याला मी फोन करते. नको म्हणून सांगते." तेवढं एक काम त्यांनी चांगलं केलं.

सासूबाईंनी किल्ली दोन क्षण मुठीत धरली आणि परत माझ्यापुढे केली. "मी दमले. घरापर्यंत तूच ने. पाटी लाव आधी."

मी पर्समधून 'शिकाऊ'ची पाटी काढून मागे चिकटवली, तेव्हा नणंदबाईंचे डोळे विस्फारले. "ही तुझ्या पर्समध्ये असते?" मी म्हटलं, "दोऱ्यांच्या खाली."

सासूबाई माझ्या शेजारी बसल्या, मागे दोघं चिखलाचे पुतळे. मी फाटकातून गाडी काढली, मातीवरून खडीवर, खडीवरून डांबरावर. मागे कुणी 'क्लच' म्हणालं नाही. मोठ्या चौकाच्या अलीकडे यंत्राने टुणकन आवाज केला. आरशात पाहिलं, तर हे त्याच्या बाणाकडे बघत होते. 'घर' एका टेकडीच्या आरपार होतं. त्यांनी यंत्र बंद केलं आणि खिशात टाकलं.

मग पुढे वाकून, अगदी हळू आवाजात, त्यांनी विचारलं, "आई, इथून डावीकडे की उजवीकडे?"

"मला काय विचारतोस?" सासूबाई म्हणाल्या. "चालवतंय कोण, तिला विचार."

मी त्यांना विचारायला वेळ दिला. चांगला भरपूर दिला.

"कुठे वळायचं गं?" ते म्हणाले.

"उजवीकडे," मी म्हटलं, वळायचा दिवा लावायला दांडा ओढला, आणि लख्ख उन्हात वायपर करकरत सुरू झाला.